स्टार्टरच्या पेटीसाठी व्ही-झिरो पीपी : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२४

३ जून, सोमवार

आज काम हातात आलं. आमचा धंदा प्लास्टिकमध्ये पूड मिसळून दाणा बनवायचा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतलाच एक ग्राहक, शेतातल्या मोटरीचे स्टार्टर बनवतो, त्याला स्टार्टरची पेटी एबीएस या प्लास्टिकमधून पीपीत, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनमध्ये आणायचीय. कारण एबीएसची पेटी बांधावर दोन उन्हाळे काढले की पिवळी पडते, कडेनं तडकायला लागते, आणि पीपीत पेटी आणि झाकण एकाच शॉटमध्ये निघेल, मधली पातळ पट्टीच बिजागरीचं काम करेल असा त्यांचा हिशोब आहे. अटी अशा की १.६ मिमी जाडीला यूएल ९४ या जाळून बघायच्या चाचणीची व्ही-झिरो, म्हणजे उभ्या पट्टीची सगळ्यात कडक श्रेणी हवी, ८५० अंशाची ग्लो वायर, म्हणजे तापलेली तार टेकवून बघायची चाचणी पास व्हायला हवी, ब्रोमीन-क्लोरीन अजिबात नको. आणि निघता निघता सहज म्हणाले, पेटी पावसात उघड्यावर असते बरं का. हे मी वहीत सगळ्यात वर लिहिलंय.

काम मी साहेबांकडून मागून घेतलं. गेल्या एप्रिलमध्ये निफाडकडे मामांच्या विहिरीवरची स्टार्टरची पेटी पेटली होती. टर्मिनलचा स्क्रू ढिला, मोटर चालू, वायरीचं तोंड तापत तापत लाल झालं आणि पेटीनं पेट घेतला. पेटी जळाली त्याचं एवढं काही नाही, पण तिचे पेटते थेंब खाली पडत राहिले आणि खाली मामांनी कडब्याची गंजी रचलेली होती. वर्षाचा चारा तासाभरात गेला. मामा फोनवर एकच वाक्य परत परत सांगत होते की पेटलेलं मेण गळावं तसं गळत होतं रे. ते गळणं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

५ जून, बुधवार

डिप्लोमाची दोन पोरं ट्रेनिंगला आलीत, त्यांना आधी हे समजावलं, इथे पण लिहून ठेवतो कारण पुढच्या सगळ्या नोंदी यावरच उभ्या आहेत.

प्लास्टिकचा दाणा स्वतः जळत नाही, जळते त्याची वाफ. मेणबत्तीत मेण वितळतं, वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती जळते, पीपीचं तसंच. तापलं की आधी वितळतं, मग साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे त्याच्या लांब साखळ्या तुटून लहान लहान तुकडे होतात, ते वायू होऊन बाहेर पडतात, हवेतल्या ऑक्सिजनला भेटतात, ज्योत होते, आणि त्या ज्योतीची उष्णता परत खालच्या प्लास्टिकवर पडून आणखी वाफ काढते. हे चक्र एकदा फिरायला लागलं की बाहेरचा बर्नर काढून घेतला तरी थांबत नाही. त्यात पीपी म्हणजे नुसता कार्बन आणि हायड्रोजन, किलोला ४० मेगाज्यूलच्या वर उष्णता देतं, जवळपास पेट्रोल-डिझेलइतकी, वाळलेलं लाकूड त्याच्या निम्मीसुद्धा देत नाही. ऑक्सिजन इंडेक्स साडेसतराच्या आसपास, म्हणजे हवेत साडेसतरा टक्के ऑक्सिजन असला तरी ते जळत राहतं, आणि आपल्या हवेत तर २१ टक्के आहे. कडक पीव्हीसीचा हाच आकडा ४५ च्या वर जातो कारण त्याच्या अंगातच क्लोरीन आहे.

मग अ‍ॅडिटिव्ह (म्हणजे आग रोखायला मिसळलेला पदार्थ) काय करतं तर या चक्राचा एखादा सांधा तोडतं. उष्णता खाऊन टाक, किंवा ज्योतीतली रसायनं अडव, किंवा ज्योत आणि प्लास्टिक यांच्यात भिंत उभी कर. एका पोरानं विचारलं, म्हणजे सर हे प्लास्टिक जळतच नाही का. जळतं. मोठ्या आगीत टाकलं तर सगळंच जळतं. आपण जे करतोय ते लहान आगीसाठी आहे, ढिला स्क्रू, ठिणगी, तापलेली वायर, ती तिथल्या तिथे विझावी म्हणून. १९८८ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सनं टीव्हीचं कॅबिनेट, खुर्ची, केबल, सर्किट बोर्ड असं सामान खोलीत मांडून जाळून बघितलं होतं, एकदा अ‍ॅडिटिव्ह घातलेलं आणि एकदा न घातलेलं, तर घातलेल्या खोलीत माणसाला बाहेर पडायला १५ पटीहून जास्त वेळ मिळाला. पुढे त्या अभ्यासाच्या मुख्य संशोधकानंच बजावून सांगितलं की त्यातल्या सामानात अ‍ॅडिटिव्ह भरपूर घातलेलं होतं, किरकोळ चिमूटभर घालून हाच आकडा कुणी सांगू नये. हे पोरांना मुद्दाम सांगितलं, कारण आपल्या धंद्यात चिमूटभर घालून मोठं नाव सांगायची सवय आहे.

६ जून, गुरुवार

काय घालायचं याचा विचार. दिवसभर साहेबांबरोबर बसून झाला.

सगळ्यात स्वस्त आणि निरुपद्रवी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड. पांढरी पूड, तापली की पाणी सोडते, तिच्या वजनाच्या ३४.६ टक्के पाणीच असतं. ओलं लाकूड चुलीत घातलं की नुसतं धुमसतं, आधी आतलं पाणी उडून जावं लागतं आणि तोवर उष्णता त्यातच खर्च होते, तोच प्रकार. पण दोन अडचणी. ती २०० अंशांच्या आसपासच पाणी सोडायला लागते आणि आपण पीपी त्याच तापमानाला चालवतो, म्हणजे मशीनमध्येच फुगणार. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ३०० च्या वर टिकतं, ते चालेल, पण दोन्ही ६० टक्क्यांच्या घरात घालावी लागतात. केबलच्या इन्सुलेशनला हे चालतं, तिथे ईव्हीए नावाचं मऊ प्लास्टिक असतं, भरपूर पूड पोटात घेतं. पेटीत ६० टक्के पूड घातली तर घनता १.४५ च्या आसपास जाणार आणि झाकण हातातून पडलं तर फुटणार. बाद.

ब्रोमीन आणि अँटिमनी ट्रायऑक्साइडची जोडी सगळ्यात कमी मात्रेत काम करते. ज्योतीत हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिलचे जे चंचल कण असतात, ज्यांच्या जिवावर ज्योत टिकते, त्यांनाच ब्रोमीन पकडतं आणि ज्योत गुदमरते. पण ग्राहकाला नको आहे आणि मला त्यांचं म्हणणं पटतं, निदान या पेटीसाठी तरी. पेटल्यावर हायड्रोजन ब्रोमाइड सुटतो, धूर दाट होतो, आणि तो आम्ल वायू तांब्या-पितळेचे काँटॅक्ट खातो. शिवाय या घराण्याचा इतिहास. १९७३ मध्ये अमेरिकेत मिशिगनला पीबीबी नावाचं ब्रोमीनवालं अ‍ॅडिटिव्ह चुकून जनावरांच्या खाद्यात मिसळलं गेलं, त्याच कारखान्यात खाद्यासाठीचं मॅग्नेशियम ऑक्साइड पण बनायचं आणि दोघांची नावं पण जुळी, फायरमास्टर आणि न्यूट्रिमास्टर. हजारो गाई मारून पुराव्या लागल्या, दुधा-मांसातून ते माणसांच्या अंगात गेलं. नंतर पीबीडीई या दुसऱ्या ब्रोमीनवाल्या जातीतले एकेक स्टॉकहोम करारात, म्हणजे घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय बंदीत आले, पेंटा-ऑक्टावाले २००९ मध्ये, डेका २०१७ मध्ये, आणि आपल्याकडेही ई-कचऱ्याच्या नियमांत पीबीबी आणि पीबीडीईला ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. सगळं ब्रोमीन एकाच मापानं मोजू नये हे मला मान्य आहे, पॉलिमरला जोडलेली नवीन जात बाहेर झिरपत नाही आणि सर्किट बोर्डात तर ते रेझिनशीच बांधलेलं असतं. पण गुरांच्या गोठ्याशेजारी लागणाऱ्या पेटीत मी ते घालणार नाही.

राहिला फॉस्फरस. अमोनियम पॉलिफॉस्फेट, आम्ही एपीपी म्हणतो. यातला फॉस्फेट तापला की आम्ल देतो, ते आम्ल पेंटाएरिथ्रिटॉल (आम्ही नुसतं पेंटा म्हणतो) नावाच्या कार्बनवाल्या पुडीतलं पाणी काढून तिचा कोळसा करतं, आणि मेलामाइनमधून वायू निघून तो कोळसा फुगतो. पृष्ठभागावर फेसासारखा काळा थर तयार होतो, आतल्या प्लास्टिकला उष्णता लागू देत नाही आणि आतली वाफ बाहेर येऊ देत नाही. विचार नवीन नाही, गे-ल्युसॅकनं १८२१ मध्ये थिएटरच्या कापडासाठी अमोनियम फॉस्फेट आणि बोरॅक्स वापरून दाखवलं होतं. २५ ते ३० टक्क्यांत काम व्हावं. यावरच जायचं ठरलं.

११ जून, मंगळवार

पहिली ट्रायल. पीपी कोपॉलिमर, एपीपी तीन भाग आणि पेंटा एक भाग, थोडं मेलामाइन, मिळून २० टक्के. बॅरलचं, म्हणजे माल वितळवून ढकलणाऱ्या स्क्रूभोवतीच्या गरम नळीचं, सेटिंग १८० ते २०० अंश.

पूड हॉपरमध्ये अडकत होती, खाली पडतच नव्हती, मशीनवरचे अण्णा शेजारी रबरी हातोडा घेऊन उभे. ते सुरळीत झालं तर व्हेंटमधून अमोनियाचा वास यायला लागला, डोळे चुरचुरायला लागले, आणि डायमधून येणारी दोरी फुगलेली, तपकिरी, आत पोकळ. पॅनेलवर २०० दिसत होतं म्हणून मी तापमान मोजायची सुई घेऊन वितळलेल्या मालात घातली तर २३४. स्क्रूचे नीडिंग ब्लॉक, म्हणजे माल मळणारे भाग, इतके घासतात की उष्णता तिथेच तयार होते, हीटर बंद असले तरी. एपीपी आतच आम्ल सोडत होतं, म्हणजे जे काम आगीत करायचं ते मशीनमध्येच उरकत होतं. आरपीएम ४५० वरून २८० ला आणलं, दोन नीडिंग ब्लॉक काढून नुसता माल पुढे ढकलणारे साधे कन्व्हेइंग घातले, पूड पुढून साइड फीडरनं दिली. त्यानंतर सुईवर २११. वास गेला. अण्णा म्हणाले, पॅनेल काय सांगतंय ते बघू नका, नाक काय सांगतंय ते बघा, आणि आज तरी त्यांचं नाक बरोबर होतं.

१४ जून, शुक्रवार

पट्ट्या मोल्ड केल्या, १२५ बाय १३ मिमी, जाडी १.६. पद्धत इथे एकदा लिहून ठेवतो. पट्टी उभी टांगायची, खाली ३०० मिमीवर कापूस, २० मिमीची ज्योत खालच्या टोकाला १० सेकंद लावायची, काढायची, किती सेकंद जळली ते मोजायचं, विझली की लगेच परत १० सेकंद. अशा ५ पट्ट्या. व्ही-झिरोला कुठलीही पट्टी १० सेकंदांपेक्षा जास्त जळता कामा नये, पाचही मिळून ५० च्या आत, दुसऱ्यांदा विझल्यावर धग ३० सेकंदांत जायला हवी, ज्योत क्लॅम्पपर्यंत पोचता कामा नये, आणि थेंब पडून कापूस पेटला तर गेलं. वेळ थोडी ढिली आणि कापूस पेटला तर व्ही-टू.

आमच्याकडे बर्नर एलपीजीवर आहे, नियमाप्रमाणे मिथेन लागतो, त्यामुळे आमचा निकाल फक्त अंदाज, पक्का रिपोर्ट बाहेरच्या लॅबचा. पंखा बंद, हूड बंद, घामानं सगळे भिजलेले.

२० टक्क्यांत पहिली ज्योत ४ ते ८ सेकंदांत विझली, बरं वाटलं. दुसरीला मात्र १४, १९, २२ अशी जळत राहिली आणि चौथ्या पट्टीचा एक थेंब, बोंडाएवढा, निळसर पेटलेला, खाली कापसात पडला आणि कापूस भक्कन पेटला. व्ही-टू. बाजारात कितीतरी वस्तूंवर व्ही-टू लिहिलेलं चालतं आणि ठिकठिकाणी ते पुरतंही. पण मला त्या कापसात मामांचा कडबाच दिसला. इथे व्ही-टू चालणार नाही, ग्राहक हो म्हणाला तरी.

१९ जून, बुधवार

२५ टक्क्यांत एक पट्टी दुसऱ्या ज्योतीला १३ सेकंद जळली, तेवढ्यानं व्ही-वन, म्हणजे एक पायरी खाली झालं. २८ टक्क्यांत आज जमलं. पहिली ज्योत शून्य-एक सेकंद, दुसरी २ ते ४, पाचही मिळून १९. एकही थेंब नाही.

ज्योत लागली की पट्टीचं टोक आधी चकाकतं, मग त्यावर बारीक बुडबुडे येतात, आणि बघता बघता टोक काळं होऊन फुलतं. दिवाळीत आपण नागगोळी पेटवायचो, त्या एवढ्याशा गोळीतून काळा नाग वळवळत बाहेर यायचा ना, तसंच. फक्त इथे तो नाग पट्टीला चिकटून बसतो. विझल्यावर मी ब्लेडनं टोक उभं चिरलं. वर ६-७ मिमी काळा फेस, हातानं दाबला तर कुरकुरीत, भाकरीचा करपलेला पापुद्रा असतो तसा. त्याच्या खाली केसाएवढी तपकिरी रेघ. आणि त्या रेघेखाली पांढरं पीपी जसंच्या तसं, नखानं टोकरलं तर दाणा ताजा. ज्योत ज्या जागी २० सेकंद लागली होती तिथून एखाद मिलिमीटर आत काहीच झालेलं नव्हतं. पोरांना ते दाखवलं तेव्हा दोघंही गप्प बसून बघत राहिले. परवा मी फळ्यावर भिंत भिंत म्हणत होतो ती ही.

२५ जून, मंगळवार

ग्राहकाला करडा रंग हवा. नेहमीचा मास्टरबॅच, म्हणजे रंगाचे दाणे, ३ टक्के घातला, बाकी काही बदललं नाही, पट्ट्या काढल्या, आणि जाळल्या तर दुसरी ज्योत १८, २६, २१. एका पट्टीनं कापूस पेटवला. आठवड्यापूर्वी जमलेलं सगळं गेलं.

दिवसभर शोधलं. मशीनचं तापमान बघितलं, ठीक. फीडरचं वजन तपासलं, २८ च्या आसपासच. एमएफआय, म्हणजे वितळलेला माल किती सहज वाहतो तो आकडा, ठीक. शेवटी जळलेली पट्टी चिरून जुन्या पट्टीशेजारी ठेवली तेव्हा फरक दिसला. जुनीचा फेस मऊ, उंच. हिचा थर पातळ, खडूसारखा कडक, आणि त्याला भेगा. भेगांतून आतलं पीपी वितळून बाहेर आलेलं.

खडूसारखा म्हटलं आणि तिथेच थांबलो.

२७ जून, गुरुवार

मास्टरबॅचचे दाणे क्रूसिबलमध्ये घेऊन भट्टीत ५५० अंशाला जाळले, राख थंड केली, वर विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले. फसफसून बुडबुडे. टायटॅनियम डायऑक्साइड असा फसफसत नाही, फसफसतो तो चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. मास्टरबॅच स्वस्त पडावा म्हणून त्यात चुना भरलेला होता. साध्या बादल्या-खुर्च्यांना त्यानं काही बिघडत नाही, सगळेच भरतात. पण आपल्या पट्टीत एपीपी तापून जे आम्ल देतं ते पेंटाला मिळायच्या आधी हा चुनाच पिऊन टाकतो, कॅल्शियम फॉस्फेट होऊन बसतो, आणि फेस फुगवायला आम्लच उरत नाही. अ‍ॅसिडिटी झाली की आपण गोळी चघळतो, तसली गोळी आम्ही आमच्याच भिंतीला दिली होती.

मास्टरबॅचवाल्याचा दोष म्हणता येणार नाही, आम्ही कधी विचारलंच नव्हतं. आता लिहून घेतलंय, चुना शून्य, कॅरिअर म्हणजे रंग धरणारं प्लास्टिक पीपीच, टायटॅनियम आणि कार्बन ब्लॅक एवढंच. आणि येणाऱ्या प्रत्येक लॉटची राख करून थेंब टाकायचा, हे क्यूसीच्या कागदावर छापून घेतलं. लॅबमधल्या ताईंनी त्याला फसफस टेस्ट नाव दिलंय.

१ जुलै, सोमवार

नवीन मास्टरबॅचनं परत व्ही-झिरो, पाचही मिळून २३ सेकंद. साहेब म्हणाले पाठवून देऊ रिपोर्टला. मी म्हटलं सात दिवस द्या.

उघड्यावर लागणाऱ्या प्लास्टिकसाठी यूएल ७४६सी मध्ये पाण्याची चाचणी आहे, ७० अंश गरम पाण्यात ७ दिवस बुडवून ठेवायचं आणि मग परत जाळून बघायचं. ग्राहकानं कागदावर हे मागितलेलं नाही. पण पावसात असते बरं का असं तो म्हणाला होता, आणि आज सकाळपासून बाहेर धो धो पाऊस लागलाय. १० पट्ट्या बीकरमध्ये घालून ओव्हनमध्ये ठेवल्या.

८ जुलै, सोमवार

पट्ट्या काढल्या. अंगाला बुळबुळीत लागतात, साबण चोळल्यासारख्या, पुसून ठेवल्या तर वाळल्यावर पांढरी भुकटी. बीकरमधलं पाणी किंचित गढूळ, निळा लिटमस त्यात लालसर झाला. पट्टी पावणेतीन ग्रॅमची असते, पूर्ण सुकवून तोलली तर २.६२. म्हणजे ४-५ टक्के माल पाण्यात गेला.

१० जुलै, बुधवार

दोन दिवस कंडिशनिंग करून, म्हणजे ठरलेल्या हवेत ठेवून जाळल्या. पहिल्या ज्योतीला ११-१२ सेकंद. दुसऱ्या ज्योतीला दोन पट्ट्या विझल्याच नाहीत, क्लॅम्पपर्यंत जळत गेल्या, थेंब थेंब गळत, कापूस पूर्ण पेटला. व्ही-झिरो सोडा, कुठलीच श्रेणी नाही. साध्या पीपीत आणि हिच्यात डोळ्यांना फरक दिसत नव्हता.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणजे १ तारखेला पाठवलं असतं तर लॅबनं व्ही-झिरोचा कागद दिला असता, तो कागद खरा असता, पेटीवर शिक्का पडला असता, आणि दोन पावसाळ्यांनंतर कुणाच्या तरी बांधावर ती पेटी मामांच्या पेटीसारखीच गळली असती. शेतकरी शिक्का बघून निर्धास्त राहिला असता. हे मला फार लागलं.

११ जुलै, गुरुवार

बीकरमधलं पाणी मंद आचेवर आटवलं. तळाशी पांढरे स्फटिक. त्यात बहुतेक पेंटाच असणार, कारण ती पाण्यात चांगली विरघळते, साखरेइतकी नाही पण विरघळते, आणि आपण तिला २८ मधल्या ७ टक्क्यांच्या आसपास घातलंय. थोडं फॉस्फेटही, लिटमस उगाच लाल होत नाही. एपीपीच्या दोन जाती असतात, पहिल्या जातीच्या साखळ्या आखूड असतात आणि पाण्यात लवकर तुटतात, दुसरीच्या लांब, हजाराच्या वर दुवे, ती पाण्याला बरीच दाद देत नाही. आपण दुसरीच घेतो. पण गरम पाण्यात सात दिवस म्हटल्यावर तिचेही उघडे दाणे झिजतात.

आणखी एक गोष्ट खटकली. डायमधून निघालेली दोरी आपण ५ मीटर पाण्याच्या टाकीतून नेतो. म्हणजे दाणा तयार होतानाच थोडी धुलाई होते, आणि ओला दाणा मोल्डिंगला गेला की पेटीवर चंदेरी रेषा येतात, त्या मागच्या आठवड्यात आल्याच होत्या.

१८ जुलै, गुरुवार

काल आषाढी, अण्णा पंढरपूरला गेलेत, सोमवारी येतील. त्यांच्याशिवाय मशीन लावलं, हळू पण नीट चाललं.

बदल असे. पेंटा पूर्ण काढली, तिच्याजागी ट्रायझिन जातीचा मोठ्या रेणूचा कोळसा देणारा पदार्थ घातला, तो पाण्यात जवळपास विरघळतच नाही. एपीपी दुसरी जातच, पण प्रत्येक दाण्यावर मेलामाइन रेझिनचा पापुद्रा चढवलेली. थोडं मॅलेइक अ‍ॅनहायड्राइडवालं पीपी, पूड आणि प्लास्टिक एकमेकांना धरून राहावीत म्हणून. टाकीत फक्त दीड मीटर पाणी, पुढे हवेचा ब्लोअर, आणि मोल्डिंगआधी ८० अंशाला ३ तास सुकवायचं.

भाव वाढला, किलोमागे चांगलाच. साहेबांनी आकडा बघून चष्मा काढून ठेवला. मी भिजवलेल्या आणि न भिजवलेल्या जळक्या पट्ट्या त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले कर.

३१ जुलै, बुधवार

२२ ला बुडवल्या, २९ ला काढल्या, आज जाळल्या. वजनातली घट अर्ध्या टक्क्याच्या आत. अंगाला बुळबुळ नाही. पहिली ज्योत एक-दोन सेकंद, दुसरी ३ ते ६, पाचही मिळून ३४. कापूस पांढराच्या पांढरा.

ताईंनी तो कापूस उचलून मला दाखवला. अण्णांनी पंढरपूरचे चुरमुरे-बत्तासे आणले होते ते सगळ्यांनी मिळून खाल्ले.

७ ऑगस्ट, बुधवार

ग्राहकाच्या मोल्डवर ट्रायल. पेटी सुंदर निघाली, पण बिजागरी गेली. पातळ पट्टी चाळीसेक वेळा उघड-मीट केल्यावर पांढरी पडली आणि तुटली. साधं पीपी वाकवताना त्याच्या साखळ्या एका दिशेनं ओढल्या जातात म्हणून ते हजारो वेळा वाकतं, इथे मध्ये मध्ये पुडीचे दाणे आहेत, तिथूनच चीर सुरू होते. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की २८ टक्के पूड घातलेल्या मालात ही बिजागरी टिकणार नाही, मात्रा कमी करून टिकवता येईल पण मग ती पेटी गळेल. त्यांनी अर्धा तास घेतला आणि पितळी पिनवाली बिजागरी मान्य केली. मोल्डमध्ये बदल करायला तीन आठवडे लागतील.

घनता १.०५ आली, म्हणजे पेटी एबीएसइतक्याच वजनाची. झाकण छातीच्या उंचीवरून फरशीवर दहा वेळा टाकलं, कोपरा दबला, फुटलं नाही. मोल्डवाल्या काकांना सांगितलंय की शिफ्ट संपली की मशीनमध्ये माल तसाच सोडायचा नाही, साध्या पीपीनं धुऊन काढायचं, नाहीतर गरम बॅरलमध्ये थांबलेल्या एपीपीचं आम्ल होऊन स्क्रू खाईल.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आला. १.६ ला व्ही-झिरो, भिजवलेल्या आणि न भिजवलेल्या दोन्ही. ग्लो वायर ८५० पास, तार काढल्यावर ज्योत ४ सेकंदांत गेली, खालचा टिश्यू पेपर पेटला नाही. ग्राहकाला कळवलं, आणि डेटाशीटवर भिजवून केलेल्या चाचणीची वेगळी ओळ घातली, त्यांनी मागितली नव्हती तरी.

एक प्रश्न अजून उघडा आहे. ७० अंशाचं पाणी सात दिवस म्हणजे नाशिकचे किती पावसाळे हे त्या चाचणीतून कळत नाही, आणि त्यात ऊन तर धरलेलंच नाही. म्हणून काल झेंडावंदन झाल्यावर कंपनीच्या गच्चीवर तारेला ४० पट्ट्या बांधल्या, २० जुन्या पेंटावाल्या आणि २० नवीन, प्रत्येकीवर नंबर कोरलाय. दिवाळीत दोन्हीतल्या ५-५ काढायच्या, मग पुढच्या जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आधी ५-५, मग त्याच्या पुढच्या दिवाळीत, आणि शेवटच्या ५-५ आणखी एका पावसाळ्यानंतर. रजिस्टरमध्ये तारखा टाकून ठेवल्यात, मी इथे नसलो तर ताई काढतील. मामांना ट्रायलमधली एक पेटी दिली, पिनवाली बिजागरी घरीच बसवून, आणि लावताना टर्मिनलचे सगळे स्क्रू स्वतः आवळून आलो. गंजी त्यांनी यंदा विहिरीच्या दुसऱ्या बाजूला रचायचं ठरवलंय.